माझ्या आवाजाला लावलेला बाप

हॉलमधले दिवे घालवले आणि माझा आवाज सुरू झाला.

आधी मला कळलंच नाही की तो माझा आहे. स्वतःचा आवाज बाहेरून कोण ऐकतं? मला वाटलं, कुठली तरी पोरगी आहे, दबकत बोलतेय, मधे मधे नाक ओढतेय. समोर पडद्यावर एक हिरवी रेघ तिच्या बोलण्याबरोबर वरखाली होत होती. मग ती पोरगी म्हणाली, "माय फादर इज टॉल. रिक्षा इज स्मॉल." ते वाक्य माझं होतं.

हॉल हसला.

लँग्वेज लॅबचं उद्घाटन होतं, पुढे सोफे मांडले होते. त्यावर संस्थेचे ट्रस्टी, आजूबाजूच्या कॉलेजांचे प्रिन्सिपल, आणि मशीन विकणाऱ्या कंपनीचा टायवाला माणूस. ते आवरून हसले, मोठ्या माणसांनी हसावं तसं. टॉल, स्मॉल. त्यांना बालवाडीतलं गाणं वाटलं असेल. मागची पोरं मोकळी हसली. त्यात माझ्या वस्तीतली पण होती, ते मी लपवणार नाही.

"फादर्स लेग इज आऊटसाइड," माझा आवाज म्हणाला. "पीपल आर सीइंग."

परत हशा.

माझ्या बापाचं प्रेत होतं ते. रिक्षात मावत नव्हतं. पाय बाहेर राहिले होते आणि लोक बघत होते. तेवढंच सांगत होते मी.

इंग्रजीच्या मॅडमनी माउस दाबला आणि रेघ थांबली. त्यांनी माइक घेतला. गुलाबी साडी, केसांत गजरा. आमच्या कॉलेजात लँग्वेज लॅब आणली ती त्यांनीच, खटपट करून. त्या म्हणाल्या, "या विद्यार्थिनीचं नाव मी घेणार नाही. तेवढी प्रायव्हसी आम्ही पाळतो. पण आमच्याकडे कुठल्या वस्त्यांमधून मुलं येतात याची आपल्याला कल्पना आहेच. घरात पुस्तक नाही, पेपर नाही. हे आमचं रॉ मटेरियल. आता ऐका, लॅबमध्ये तीन महिने बसल्यावर हीच मुलगी कशी बोलते."

आणि दुसरा आवाज सुरू झाला. तो जयाचा होता.

जया माझ्याच बाकावर बसायची. उल्हासनगरच्या कॅम्पात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. सिंधी. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी फाडफाड. तिचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. "माय फादर इज माय बेस्ट फ्रेंड," तो आवाज म्हणत होता. "लास्ट समर ही टुक अस टू महाबळेश्वर. वी एट स्ट्रॉबेरीज."

टाळ्या पडल्या. टायवाला माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

लॅब सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. तीन महिने कुठले? पण तीन महिन्यांचं खोटं मी तेव्हा धरलंच नाही. मला एवढंच समजलं की माझा बाप काढून टाकला आणि त्या जागी दुसरा आणला. जिवंत. हसरा. पोरीला स्ट्रॉबेरी खायला घालणारा. माझ्या आवाजाला या लोकांनी दुसरा बाप लावला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अंधारात बसून होते. मान वर करायची हिंमत झाली नाही.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी एस.वाय.ला होते.

आम्ही मूळचे अंबरनाथचे. वस्ती एमआयडीसीला लागून. बाप केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडे. टाक्या साफ करायचा. वरचं झाकण उघडायचं, आत उतरायचं, तळाचा गाळ खरवडायचा. उंच होता म्हणून त्याला उतरवायचे, हात लांबवर पोचतात म्हणून. घरी आला की आधी बाहेरच्या मोरीत अंघोळ, मग आत. तरी वास जायचा नाही. मी लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून जयंतीची मिरवणूक बघायचे, तर सगळ्या वस्तीत माझं डोकं वर असायचं. विहारासमोर माइकवर भाषण करायची मी. बाप गर्दीच्या मागे उभा राहायचा, आणि मागे असूनही मला दिसायचा. एवढा उंच.

मी बारावीला असताना तो टाकीत उतरला आणि वर आलाच नाही. म्हणजे काढला, दोर लावून. दवाखान्यात नेला नाही. मुकादम आणि आणखी एक जण रिक्षा करून घेऊन आले. भर दुपारी, नळाला पाणी आलं होतं, सगळ्या बाया रांगेत. रिक्षा आली तर आधी पाय दिसले. चपला नव्हत्या. मुकादम आईला म्हणाला, "चक्कर आली त्याला, उतरवून घ्या." आणि रिक्षावाला म्हणत होता, जल्दी करो, मेरी गाडी खराब होगी.

हे मी कुणाशी बोलले नव्हते. आईशी नाही, मामाशी नाही. घरात विषयच काढायचा नाही असं न ठरवता ठरलेलं. नंतर आम्ही विठ्ठलवाडीला मामाच्या चाळीत आलो. आई जीन्सचे धागे कापायला लागली. कारखान्यातून गठ्ठे यायचे, शिवलेल्या पँटींना लोंबणारे धागे कातरीने उडवायचे. घरभर पँटी, आणि आईची बोटं निळी ती निळीच. मी पण बसायचे तिच्याबरोबर, कॉलेजातून आल्यावर.

कॉलेजात माझं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. विहारासमोर घसा फोडून बोलणारी मी, इंग्रजीच्या तासाला उभी राहिले की पहिल्या वाक्याला पोरं हसायची. एकदा हसली, दोनदा हसली, मग मी उभी राहणं सोडलं. फी माफ असलेल्यांचा, फ्रीशिपवाल्यांचा, एक कोपरा होता वर्गात, मागे, खिडकीशी. कुणी बसवलं नव्हतं तिथे आम्हाला. आम्हीच जाऊन बसायचो. जया तेवढी बाहेरची, खिडकीच्या वाऱ्यासाठी माझ्या बाकावर यायची.

तर लॅब आली. कॉलेजात एसी असलेली ती एकच खोली, माणसांसाठी नाही, मशीनसाठी. चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. आत प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात कॉम्प्युटर आणि कानाला लावायचा हेडफोन, त्यालाच तोंडापुढे माइक. मॅडमचं टेबल सगळ्यांच्या पाठीमागे. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "लाजू नका. इथे तुमचं कुणी ऐकत नाही. तुम्ही आणि मशीन. चुकलात तर मशीन हसत नाही."

मशीन हसत नाही. बाई गं, त्या वाक्यानं मला काय केलं हे कुणाला सांगून कळायचं नाही. दोन वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं की बोल, कुणी हसणार नाही.

पडद्यावर विषय आला. न विसरता येणारा दिवस. बाकीच्यांनी पिकनिक सांगितली, बहिणीचं लग्न सांगितलं. मी हेडफोन लावला. आजूबाजूचा आवाज बंद झाला, एकदम. कानात फक्त माझाच श्वास. आणि मी बोलायला लागले. इंग्रजी होतं तेवढंच होतं, पण मला वाटतं तेच बरं पडलं. मराठीत मी तो दिवस सांगूच शकले नसते, पहिल्या शब्दाला रडले असते. इंग्रजीत शब्द थोडे, त्यांत रडायला जागा नाही. टॉल. स्मॉल. आऊटसाइड. मोजून एकेक दगड ठेवावा तसे ठेवले. शेवटी म्हटलं, "आफ्टर दॅट नोबडी इज टॉल इन माय हाऊस."

हेडफोन काढला तेव्हा एवढं हलकं वाटलं मला. त्या दिवशी घरी जाताना मी गुणगुणत होते. आईने विचारलं पण, "आज काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, इंग्रजी जमायला लागलं."

मॅडमच्या टेबलावर एक स्विच होता. तो दाबला की कुठल्याही खणातलं त्यांना ऐकू यायचं. सगळं साठवून ठेवलं जायचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मशीनवर विश्वास ठेवणारी आम्हीच. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांनी पिकनिक सांगितली, ते उगाच नाही.

उद्घाटनाच्या कार्यक्रमानंतर खाली समोसे होते. जया माझ्यामागे धावत आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "यार, मॅडमने मला फक्त वाचायला दिलं होतं. कसम से. मला काय माहीत कुठे लावणार?"

"तू हसलीस," मी म्हटलं.

"सब हसे तो मैं भी हसी." मग हळूच म्हणाली, "मला नाही कळलं तो तुझा बाप होता. खरंच होतं ते?"

  माझ्या शेजारी दीड वर्ष बसलेली पोरगी. मी मॅडमकडे गेले. त्या पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून आल्या होत्या, खुशीत होत्या. मी विचारलं, "मॅडम, माझंच का लावलं?"

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "अगं, तुझं सगळ्यात नॅचरल होतं. आणि नाव कुठे घेतलं तुझं? उलट अभिमान वाटू दे. तुझ्यामुळे लॅबला किती सपोर्ट मिळाला."

त्या मुद्दाम दुष्टपणानं बोलल्या नाहीत. आजही मला तसं वाटत नाही. त्यांना खरंच दिसलं नव्हतं. त्यांनी चुका ऐकल्या होत्या, एकूण एक. 'लेग इज' का म्हणालीस, 'आर' हवं, एवढं त्यांना ऐकू आलं होतं. कुणाचे पाय, ते नाही आलं. या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी पण उलट शिव्या दिल्या असत्या.

त्यानंतर मी लॅबमध्ये बोललेच नाही. हजेरी सक्तीची होती म्हणून जायचे. हेडफोन लावायचे, तोंड बंद. पडद्यावर यायचं, आवाज येत नाही, कृपया बोला. पुन्हा यायचं, कृपया बोला. मी बघत बसायचे. तोंडी परीक्षेला भोपळा. वर्गातही नाही, बाजारातही नाही, मला बोलायचीच भीती बसली. भाजीवाल्याशी बोलताना पण वाटायचं, कुणी साठवून तर ठेवत नाही ना? जयंतीला विहारात बोलावलं तर घसा बसलाय म्हणून सांगितलं. माझ्या आवाजात मला तो हशा ऐकू यायचा. आईला वाटायचं, अभ्यासाचं टेन्शन.

जूनमध्ये नवी बॅच आली. त्यांच्या स्वागताला कार्यक्रम ठेवला, आणि टी.वाय.च्या मुलांना हॉलमध्ये बसणं सक्तीचं. मॅडम लॅबची माहिती द्यायला उठल्या. दिवे गेले. पडद्यावर हिरवी रेघ आली.

या वेळी माझी मान खाली गेली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे बसलेली पोरं अकरावी-बारावी करून आलेली, नवे कपडे घातलेली. ती हसायला तयार होऊन बसली होती, कारण मॅडमच आधी हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या होत्या, "आता गंमत ऐका." आणि त्यांतही मागे खिडकीशी एक कोपरा होताच. तिथली पोरं हसणार होती. स्वतःवरच हसायला शिकणार होती, पहिल्याच दिवशी.

"माय फादर इज टॉल," आवाज म्हणाला.

मी उभी राहिले. "बंद करा."

कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी विहारासमोर काढायचे तसा आवाज काढला. "बंद करा ते. तो माझा आवाज आहे."

रेघ थांबली, सगळ्या माना वळल्या. मॅडम म्हणाल्या, "खाली बस."

"नाही बसत. हा माझा बाप आहे. टाकीत मेला. रिक्षात घालून आणला, पाय मावत नव्हते, बाहेर राहिले. ते मी सांगितलंय. तुम्ही म्हणाला होतात कुणी ऐकत नाही. आणि पुढचा आवाज माझा नाही. मी महाबळेश्वर बघितलेलं नाही. माझा बाप मेलाय, तो कुठून नेणार?"

 मी मराठीत बोलत होते, आणि त्या उद्घाटनानंतर पहिल्यांदा मला माझा आवाज माझा वाटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पोरगा हसला आणि लगेच थांबला. शिपाईमामा आले आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. दारात मी जयाकडे बघितलं. ती खाली बघत होती.

प्रिन्सिपल सरांनी पालकांना बोलावलं. गैरवर्तन. आई हातातलं काम टाकून आली. घरी तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, तर केबिनमध्येच, उभ्याउभ्या, सगळं सांगावं लागलं. आई ऐकत होती. पदराने बोटं पुसत होती, ती पुसून काय निघणार होती?

सरांनी जयाला पण बोलावलं होतं. विचारलं, "दुसरा आवाज तुझा आहे का?"

जया म्हणाली, "याद नहीं सर."

तिला माफ केलं का, असं मला लोक विचारतात. नाही केलं. समजते मी तिला, घरचे, कॉलेज, सगळं. पण माफ नाही केलं.

सर म्हणाले, "हे बघा बाई, मुलीने भर सभेत शिक्षकांचा अपमान केलाय. तिला माफी मागायला सांगा, विषय मिटवून टाकू."

आई म्हणाली, "मला ऐकवा आधी."

"काय?"

"ती बापाबद्दल काय बोलली ते. तुमी सगळ्यांनी ऐकलंय. मी न्हाई ऐकलं."

सरांनी मॅडमकडे बघितलं. मग आम्ही सगळे लॅबमध्ये गेलो. आईने दारात चपला काढल्या. खणात खुर्चीवर टेकली, अर्धवट, कुणी उठ म्हणेल अशी. मॅडमनी पदरावरूनच तिच्या डोक्याला हेडफोन लावला. मी बाजूला उभी. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त आईचा चेहरा आणि पडद्यावरची रेघ. ती रेघ कुठे वर जाते ते मला पाठ झालं होतं. इथे टॉल. इथे रिक्षा. इथे मी नाक ओढलं.

संपल्यावर आई म्हणाली, "परत लावा."

परत लावलं. मग तिने स्वतःच हेडफोन काढला आणि मांडीवर धरून बसली. म्हणाली, "फादर कळलं. रिक्षा कळलं. आऊटसाइड पन कळलं, बाहेरच व्हते पाय."  मग मॅडमना विचारलं, "यात लोक हसले कुठं?"

 मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी बघितलं. पण पाणी येऊन काय उपयोग? त्या टेबलावरचा माउस सरळ करत राहिल्या.

आई म्हणाली, "आमचं हाय ते. आमाला द्या, न्हायतर पुसून टाका."

सर म्हणाले, "तसं होत नाही बाई. लॅबमध्ये जे रेकॉर्ड होतं ते कॉलेजचं असतं. शिवाय कंपनीने डेमोसाठी कॉपी नेलीय. ते इतर कॉलेजांमध्ये दाखवतात. आता ती कुठे कुठे गेली, हे मी कसं सांगणार?"

आईला कॉपी म्हणजे काय ते मी समजावलं. म्हणजे ते जागोजागी वाजतं, आणि आपल्याला कळतही नाही, आणि थांबवता येत नाही. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे आपला मानूस अजून रस्त्यातच हाय," आई म्हणाली.

मी तेव्हा ढसाढसा रडले. तो गेला तेव्हा रडले नव्हते एवढी. माफी मागणार नाही म्हणून मी सरांना सांगितलं, आणि आई म्हणाली, "चल." घरी आल्यावर ती पुन्हा पँटी घेऊन बसली. त्या दिवशी आम्ही बापाबद्दल बोललो. मराठीत, सगळं. तो कसा हसायचा, दारात वाकून कसा यायचा. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. झालं नाही.

तोंडी परीक्षेत मला नापास करता आलं तेवढं केलं. मी लेखीवर निघाले. एम.ए. इंग्रजीतच केलं, निव्वळ रागानं केलं. ज्या भाषेत माझ्यावर हसले ती मला पुरती हवी होती. आता मला माहीत आहे 'लेग इज' चुकीचं आहे. पण ते वाक्य दुरुस्त करावंसं मला आजवर वाटलेलं नाही.

पुढे बदलापूर वेस्टला, हेंद्रेपाड्याकडून पुढे एका नव्या कॉलेजात मला तासिकेवर घेतलं. कायम नाही, तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत. तिथेही लॅब. मी दारातच घुटमळले. पहिल्या दिवशी मी पोरांना खणात बसवलंच नाही. सगळ्यांना माझ्या टेबलामागे उभं केलं. एकाला खणात बोलायला पाठवलं आणि बाकीच्यांना आळीपाळीने माझा हेडफोन दिला. म्हटलं, "बघा. मी ऐकते. मशीन साठवतं. हे ठाऊक असून ज्याला जे सांगायचं ते सांगा."

चामटोलीहून येणारी एक पोरगी होती, फार कमी बोलायची. तिने विचारलं, "मग मॅडम, खरं काय सांगायचंच नाय का?"

"सांग. पण ते तुझं आहे. तू म्हणशील तेव्हा मी पुसणार."

ती त्यानंतर बरंच बोलली. काय ते मी इथे लिहिणार नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा कॉलेजचा दर्जा तपासायला समिती येणार होती. रंगरंगोटी सुरू झाली. प्राचार्यांनी मला बोलावलं. भले गृहस्थ, मला मान देऊन बोलायचे. म्हणाले, "लॅबचं काहीतरी इफेक्टिव दाखवू या. आधी आणि नंतर, असं. चार-पाच अगदी कच्ची मुलं निवडा. नावं टाकू नका, म्हणजे प्रश्न नाही."

मी म्हटलं, "मुलांना विचारते."

"त्यांना काय विचारायचं त्यात?"

मी वर्गात गेले आणि विचारलं. आधी सगळं सांगितलं, कोण येणार, कुठे वाजणार, कॉपी कुठवर जाऊ शकते. 'नंतर'साठी तीन-चार हात वर आले, हौसेनं. 'आधी'साठी एकही नाही. मग मी त्यांना म्हटलं, आपापल्या खणात बसा, आपलं आपण ऐका, ठेवायचं असेल ते पेनड्राइव्हवर घरी न्या, बाकी पुसा. कसं पुसायचं ते मी दाखवलं. काही पोरं हसत पुसत होती, काही आधी दोनदोनदा ऐकून. ती चामटोलीची पोरगी शेवटपर्यंत बसून होती. तिने पुसल्यावर मला फक्त मान हलवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मशीन उघडून बघितलं. रिकामं. मला केबिनमध्ये उभं केलं. या वेळी बसा म्हणाले नाहीत.

"वर्षभराचा डेटा होता. कॉलेजची प्रॉपर्टी होती ती."

"नव्हती सर. ती मुलांची होती. मुलांनी नेली."

"तुम्हाला काय झालंय? एवढ्याशा गोष्टीवरून तुम्ही तुमचे तास घालवताय. घरी आई आहे ना तुमची?"

"आहे."

"मग उद्यापासून येऊ नका."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? आईचे डोळे गेले होते धागे बघून बघून, घर माझ्या तासांवर चालत होतं. मी खुर्चीच्या पाठीला धरलं. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही.

"सर, उद्या साडेसातचा पहिला तास माझा आहे," मी म्हटलं. "मी येणार. अडवायचं असेल तर गेटवर अडवा. पोरं आत जात असतील तेव्हा, त्यांच्यासमोर. आणि कशासाठी अडवलं ते तुमच्या तोंडाने, मराठीत, त्यांना सांगा. मी तिथेच उभी राहून ऐकणार आहे."